व्हेप स्वस्त पडतं, मग वाचलेले पैसे जातात कुठे?

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक एकोणतीस वर्षांचे, मूळचे सांगली जिल्ह्यातले. शिकायला इंग्लंडला आले, शिक्षण झालं, आता लेस्टरला नोकरी करतात. पत्नीही तिथेच आहे. कॉलेजपासून सिगारेट, इंग्लंडला आल्यावर ती दिवसाला दहावर गेली. वीसचं पाकीट सोळा पौंडांना, म्हणजे महिन्याला दोनशे चाळीस पौंड. डोक्यावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता. दोन महिन्यांपूर्वी एका मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी व्हेप, म्हणजे निकोटिनच्या लिक्विडची वाफ ओढायची ई-सिगारेट, घेतलं. ‘एक पॉड म्हणजे एक पाकीट’ असा मित्राचा हिशोब (पॉड म्हणजे व्हेपमध्ये बसवायची लिक्विडची छोटी डबी). म्हणजे रोज अर्धा पॉड, दोन पॉडचं पाकीट सहा पौंडांना, महिन्याचा खर्च फक्त पंचेचाळीस पौंड आणि बचत एकशे पंच्याण्णव. प्रत्यक्षात खात्यात काहीच शिल्लक दिसत नाही. ते विचारतात, ‘व्हेप सिगारेटपेक्षा स्वस्त आहे ना? मग माझं गणित चुकतंय कुठे? दुसरं कुठलं व्हेप घेतलं तर फरक पडेल का?’ कामावर ब्रेकमध्ये अजून पाच सिगारेटी होतात, असंही ते लिहितात. आणि शेवटी एक ओळ : ‘बायकोने कधी सिगारेटला हात लावला नव्हता, आता आंब्याच्या चवीचं व्हेप म्हणून अधूनमधून दोन-चार झुरके घेते, पण ते काही मोजण्यासारखं नाही.’ डिसेंबरात दोघं गावी जाणार आहेत, व्हेप सोबत नेता येईल का, हेही त्यांना हवं आहे.

नमस्कार,

पत्रात आकडे लिहिलेत हे फार बरं केलंत. ‘खूप खर्च होतो हो’ असं सगळेच लिहितात, पण पाकीट केवढ्याला आणि दिवसाला किती, हे सांगायला जीभ रेटत नाही. तुम्ही सांगितलंत, म्हणून मलाही नेमकं बोलता येतंय.

इंग्लंडमध्ये फार्मसीच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षं गेली आहेत. सिगारेट सोडायला आलेल्या माणसाला मी आधी एकच विनंती करते, खिशातलं सगळं इथे काउंटरवर ठेवा. मध्ये एक गृहस्थ आले होते. म्हणाले, मी आता पूर्ण व्हेपवर आहे. खिशातून व्हेप निघालं, दोन पॉड निघाले, चार्जिंगची वायर निघाली. मग आतल्या खिशातून लायटर निघाला आणि सहा सिगारेटी उरलेलं पाकीट. ते स्वतःच त्या पाकिटाकडे बघत राहिले. खोटं बोलत नव्हते ते. त्यांच्या मनात ते खरोखरच व्हेपवर गेलेले होते.

तुमच्या पत्राची गोष्ट हीच आहे. चला, तुमचा खिसा रिकामा करू.

पाच सिगारेटी रोज. सोळा पौंडांना वीस, म्हणजे एक ऐंशी पेन्सला. पाचाचे चार पौंड, महिन्याचे एकशे वीस. आता पॉड. रोज अर्धा म्हणता, पण त्याच पत्रात पुढे लिहिता की दोन पॉडचं पाकीट ‘दोन दिवसांत संपतं’. म्हणजे रोजचा एक. तीन पौंड गुणिले तीस, नव्वद. एकशे वीस आणि नव्वद, दोनशे दहा. आधीचा खर्च दोनशे चाळीस. बचत तीस पौंडांची, आणि तीसुद्धा व्हेपचं यंत्र, शनिवारी मित्रांसोबत जास्तीच्या चार सिगारेटी आणि हरवलेला एखादा पॉड धरला नाही तर. एकशे पंच्याण्णव पौंड कुठेही गेलेले नाहीत. ते वाचलेच नव्हते.

मित्राचं ‘एक पॉड म्हणजे एक पाकीट’ हे वाक्य या सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. ब्रिटनमध्ये पॉडमध्ये जास्तीत जास्त २ मिलिलीटर लिक्विड चालतं आणि त्यात एका मिलिलीटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही. म्हणजे भरलेल्या पॉडमध्ये फार तर ४० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात एक-दोन मिलिग्रॅम जातं. कागदावर जुळतं बघा, वीस सिगारेटी आणि एक पॉड. पण पॉडमधलं किती शरीरात उतरतं हे यंत्रावर, झुरक्याच्या लांबीवर आणि सवयीवर ठरतं. मोठा फरक तर याहून साधा आहे. सिगारेट संपते. दहा-बारा झुरके, पाच मिनिटं, थोटूक चिरडलं, विषय संपला. पुढची ओढायची तर जॅकेट चढवून थंडीत बाहेर जावं लागतं, पाकिटात किती उरल्या ते दिसतं, मनात कुठेतरी ऐंशी पेन्स वाजतात. व्हेपला शेवट नाही. सोफ्यावर, अंथरुणात, भाजी परतताना एका हाताने, बसची वाट बघताना. प्रत्येक झुरका इतका स्वस्त की मोजावासा वाटत नाही, आणि न मोजलेल्या झुरक्यांनीच पॉड रिकामा होतो.

म्हणून व्हेपचा खर्च पॉडच्या किमतीवरून काढू नका, महिन्याच्या बँक स्टेटमेंटवरून काढा. दुकानांची नावं शोधा, खूण करा, बेरीज करा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा अंदाज आणि खरी बेरीज यांत चांगलीच तफावत निघते.

आता तुमचा सरळ प्रश्न. हो, व्हेप सिगारेटपेक्षा स्वस्त आहे. पण एका अटीवर. सिगारेट पूर्ण सुटली तरच.

तुम्ही आता वापरता तो आधीच भरलेला पॉड हा नव्या माणसाला सोपा वाटतो आणि महागही तोच पडतो. रोजचे तेच २ मिलिलीटर तुम्ही पुन्हा भरता येणाऱ्या यंत्रातून घेतलेत तर महिन्याला ६० मिलिलीटर लागतील. इथे निकोटिनवालं लिक्विड १० मिलिलीटरच्याच बाटलीत विकता येतं, तेव्हा सहा बाटल्या. चार पौंडांच्या हिशोबाने चोवीस. आठवड्याला एक रिकामा पॉड किंवा कॉइल (लिक्विड तापवणारी तार) बदलावी लागते, नाहीतर जळकी चव येते. त्याचे तीन पौंडांनी बारा. एकूण छत्तीस. यंत्राचे पंधरा-वीस पौंड एकदाच. म्हणजे तेवढंच निकोटिन, एकीकडे नव्वद आणि दुसरीकडे छत्तीस. रंगीबेरंगी डबीची आणि ‘भरायची कटकट नको’ याची किंमत महिन्याला चोपन्न पौंड.

या आकड्यांवर फार दिवस विसंबू मात्र नका. ब्रिटन सरकारने १ ऑक्टोबर २०२६ पासून व्हेपच्या लिक्विडवर नवा कर ठेवला आहे, १० मिलिलीटरला २.२० पौंड. त्यावर वीस टक्के व्हॅट धरला की २.६४. निकोटिन कमी असो, जास्त असो किंवा अजिबात नसो, कर तोच. ६० मिलिलीटरला जवळपास सोळा पौंडांची भर. छत्तीसचे बावन्न होतील आणि नव्वदचे एकशे सहा. मोठ्या बाटलीत निकोटिनशिवाय मिळणारं लिक्विड घेऊन त्यात निकोटिन मिसळण्याची युक्ती कुणी सांगेल. ५० मिलिलीटरच्या त्या बाटलीवर तेरा पौंडांहून जास्त कर बसेल, तेव्हा ती युक्तीही पूर्वीसारखी राहणार नाही. सिगारेटवरचा करही त्याच दिवशी वाढतो, शंभर सिगारेटींना २.२० पौंड, कारण लोक व्हेपवरून परत सिगारेटकडे वळू नयेत. दोन्ही बाजू महागणार, तुम्ही कुठल्याही बाजूला असा.

‘मग तंबाखू घेऊन स्वतः वळतो’ असं मनात आलं असेल तर तेही सांगून टाकते. ३० ग्रॅमचं पुडकं वीस-पंचवीस पौंडांच्या घरात आहे, त्याहून लहान मिळत नाही. अर्ध्या ग्रॅमची एक धरली तर साठ होतात. पाकिटापेक्षा स्वस्त, यात शंका नाही. पण धूर तोच, टार तेच. पैसे वाचवायला फुप्फुसं तशीच जाळत राहण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात काउंटरखालून निघणारी स्वस्त, हजारो झुरक्यांची भली मोठी व्हेपंही दिसतील. एकदा वापरून टाकायची व्हेपं विकायला इथे १ जून २०२५ पासून बंदी आहे. बंदीचा माल जो दुकानदार विकतो, तो आत काय भरलंय याची हमी काय देणार? त्या वाटेला जाऊ नका.

इथवर मी तुमच्या चौकटीत बसून बोलले, हे की ते. पण ती चौकट तुमच्या मित्राने आखून दिली आहे. पैसे वाचवायचे तर सगळ्यांत मोठी रक्कम, एकशे वीस पौंड, अजूनही त्या पाच सिगारेटींतच अडकली आहे. आणि आरोग्याच्या दृष्टीनेही जे काही नुकसान चाललंय त्यातलं बरंचसं त्याच पाचांमुळे. व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे टार नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. सिगारेटपेक्षा ते बरंच कमी घातक आहे, हे इथली आरोग्ययंत्रणा उघड सांगते. निर्धोक आहे असं मात्र कुणीही म्हणत नाही. आणि दहाच्या पाच केल्या म्हणून धोका अर्धा झाला असंही होत नाही. हृदयाला तर दिवसाच्या एक-दोन सिगारेटीही पुरतात.

त्या पाच टिकून का आहेत, याचं एक कारण दुकानात आहे. इथे दहाचं पाकीट मिळत नाही, २०१७ पासून वीसचंच. सांगलीत टपरीवर चहासोबत एक सुटी घेतली, ओढली, हात रिकामा. (महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, तरी टपऱ्यांवर ती कशी मिळते हे तुम्हाला मी सांगायला नको.) लेस्टरला मात्र पाच हव्या असल्या तरी वीस घरी येतात आणि जॅकेटच्या खिशात चार दिवस बसून राहतात. ‘कमी करतोय’ या वाटेवर ते पाकीट रोज तुमच्यासोबत चालतं.

म्हणून माझा सल्ला असा. पुढचं पाकीट विकत न घेण्याचा दिवस ठरवा. आठवड्याभरातला, सुट्टीला जोडून. त्या दिवसापासून सिगारेट शून्य, आणि व्हेप हवं तर पुरेशा ताकदीचं. बरेचजण इथेच फसतात. सिगारेट सोडतानाच निकोटिनही कमी करायला जातात, तलफ भागत नाही आणि तिसऱ्या दिवशी ब्रेकमध्ये कुणाकडून तरी एक मागतात. आधी धूर सोडा. दोन-तीन महिने सिगारेटची आठवण फारशी येत नाही असं झालं, की मग २० वरून १०, १० वरून ५ असं लिक्विड उतरवत न्या आणि शेवटी व्हेपही ठेवून द्या. ब्रेकमध्ये जो घोळका बाहेर उभा राहतो, त्यातल्या एकाला तरी आधी सांगून ठेवा. त्या पाच सिगारेटींत निम्मी तलफ असेल, निम्मी सोबत असेल. परमुलखात ती सोबत किती लागते हे मला ठाऊक आहे. सोबत सोडायची गरज नाही, चहाचा कप घेऊन त्यांच्यातच उभे राहा.

आणि हे एकट्याने करू नका. व्हिसा काढताना तुम्ही आरोग्य अधिभार भरलाय. विद्यार्थी असताना वर्षाला ७७६ पौंड, नोकरीच्या व्हिसावर १,०३५ पौंड असा सध्याचा दर आहे. ते पैसे तुमचे आहेत आणि एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, सिगारेट सोडवणारी सेवा त्यातच येते, तिला वेगळी फी नाही. आपली मुलं तिथे जातच नाहीत. ‘त्यात काय, मनात आणलं की सुटेल’ म्हणतात, किंवा नोंद होईल, व्हिसाला अडचण येईल अशी भीती असते. व्हिसाचा आणि याचा काही संबंध नाही. जीपीकडे (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे) किंवा जवळच्या फार्मसीत विचारा. आठवड्याला एक भेट असते, निकोटिनच्या पट्ट्या आणि च्युइंगम मिळतं, गरज असेल तर तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिन किंवा सायटिसिनच्या गोळ्या, काही ठिकाणी व्हेपचा पहिला संचही देतात. अशा मदतीने सोडणाऱ्यांना एकट्याने सोडणाऱ्यांपेक्षा यश यायची शक्यता जवळजवळ तिप्पट असते.

तिथे एक छोटं यंत्र असतं. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि मग नळीत हळूहळू सगळा सोडायचा. पडद्यावर आकडा येतो, तुमच्या श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडचा. सिगारेट थांबवली की दोन दिवसांत तो न ओढणाऱ्यासारखा होतो. पंचावन्न वर्षांच्या एका ट्रकचालकाला मी त्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढताना पाहिलंय. मुलीला पाठवायचा होता त्यांना.

डिसेंबरचं सांगते. व्हेप नेऊ नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण सगळ्यावर बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘स्वतःपुरतं एक तर आहे’ म्हणून मुंबईच्या विमानतळावर कस्टमशी वाद घालायची वेळ आणू नका, आणि गावाकडे कुणासाठी भेट म्हणून तर मुळीच नेऊ नका. हातातल्या बॅगेत पट्ट्या आणि च्युइंगम ठेवा. नाहीतर होतं असं, की व्हेप लेस्टरला राहतं, गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी जुने मित्र टपरीवर नेतात आणि परत येताना माणूस पुन्हा दहावर आलेला असतो. पट्टी मात्र विमानात बसायच्या आधीच लावायला सुरुवात करा, गावी पोचून नव्हे.

हे वाचणारे महाराष्ट्रातले वाचक असतील, तर तुमच्यासाठी ‘व्हेप स्वस्त की सिगारेट’ हा प्रश्नच उरत नाही. चोरून मिळणाऱ्या व्हेपची ना किंमत ठरलेली, ना आतला माल. तुमच्यासाठी १८००-११२-३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, सिगारेटच्या पाकिटावरही छापलेली असते. फोन करा.

आता ती शेवटची ओळ. तुमच्या बाकी सगळ्या पत्रापेक्षा माझं मन तिच्यावर जास्त अडकलं.

दहा सिगारेटी ओढणाऱ्या तुमच्यासाठी व्हेप हा दोनशे चाळीसवरून खाली येण्याचा जिना आहे. तुमच्या पत्नीचा खर्च शून्य होता. तिच्यासाठी तोच जिना वर जाणारा आहे. तिच्या बाबतीत व्हेपची तुलना सिगारेटशी करताच येत नाही, काही नसण्याशी करावी लागते, आणि तिथे कुठलंच व्हेप स्वस्त नाही. महिन्याचे छत्तीस पौंड असोत की नव्वद, ते सगळेच्या सगळे नव्याने सुरू झालेले आहेत. एवढं झाल्यावरही मी पैशाचं बोलतेय, कारण तुम्ही पैशाचं विचारलंत. खरी काळजी निकोटिनची आहे. आंब्याची चव असली तरी आतलं निकोटिन तुमच्याएवढंच, तुमच्या दहा वर्षांच्या सवयीला पुरेल असं भरलेलं. ज्या शरीराला त्याची ओळखच नव्हती त्याला ते भारी पडतं. आणि रोज अर्धा पॉड पुरेल असा तुमचा हिशोब असताना एक का लागतो, याचं उत्तर थोडं तिच्याकडेही असू शकतं.

तिला रागावू नका. यंत्र तुम्ही घरात आणलंत, टेबलावर तुम्ही ठेवलंत. परदेशात, थंडीत, तुम्ही शिफ्टला गेल्यावर दिवसभर ती घरात एकटी असते, असं पत्रात आधी एका ठिकाणी तुम्हीच लिहिलंय. दोन-चार झुरक्यांत तिला काय मिळतं हे शांतपणे विचारा. व्हेप ही माझी औषधासारखी वस्तू आहे, सामायिक नाही, हेही सांगा आणि ती स्वतःच्या खिशात ठेवा. चवही बदला, तंबाखूच्या चवीचं लिक्विड घेतलंत तर तिचा हात आपोआप मागे जाईल.

आणि तिला एक प्रश्न विचारा, तुम्ही स्वतःलाही विचारा : सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळात लागतो? निकोटिन किती रुजलंय हे ओळखायला आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो. ती म्हणाली, ‘छे, मला तर चार-चार दिवस आठवतही नाही,’ तर आजच थांबवणं सोपं आहे. उत्तर अर्ध्या तासाच्या आतलं निघालं, तर फार्मसीत वेळ घेताना दोघांची एकदमच घ्या.